किंमत आणि खर्च : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील अपस्माराच्या औषधोपचाराचा एक ऐतिहासिक विचार

१. विषयाची मांडणी

मराठी व्यवहारात ‘किंमत’ आणि ‘खर्च’ हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्ही शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले आणि राज्यकारभाराच्या व बाजाराच्या भाषेत एकत्र नांदले. तथापि त्यांच्या अर्थांत एक सूक्ष्म भेद आहे. किंमत वस्तूला चिकटलेली असते. ती वेष्टनावर छापता येते व कायद्याने बांधता येते. खर्च कुटुंबाच्या हिशेबात पडतो आणि त्यात वाटखर्च, बुडालेला रोजगार, सोबत आलेल्या माणसाचा दिवस व कर्जाचे व्याज ही सर्व कलमे येतात. हा भेद कोशकाराच्या दृष्टीने किरकोळ वाटला, तरी दीर्घकालीन आजारांच्या इतिहासात तो निर्णायक ठरतो.

अपस्मार हा अशा आजारांपैकी एक होय. त्यावरील प्रमुख औषधे विसाव्या शतकात सापडली आणि त्यांच्या किमती राज्यसंस्थेने गेली सहा दशके कमीअधिक प्रमाणात नियंत्रित केल्या. असे असूनही या औषधांचा भार गरीब कुटुंबांना पेलत नाही, ही तक्रार कमी झालेली नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा व १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्याचा भाग हे या विसंगतीचे विशेष बोलके उदाहरण आहे. एकाच जिल्ह्यात सातपाटी-डहाणूचा सागरी पट्टा, बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगरी आदिवासी पट्टा येतो. औषधद्रव्ये बनविणारे कारखाने आणि औषधाविना राहणारी गावे यांच्यातील अंतर येथे काही तासांच्या प्रवासाचे आहे. किमतीचा इतिहास व खर्चाचा इतिहास हे दोन निरनिराळे इतिहास असून पहिल्याचे यश दुसऱ्याच्या यशाची हमी देत नाही, हे या परिसराच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नावे आणि जुने उपचार

‘अपस्मार’ हा शब्द ‘स्मृ’ धातूपासून झाला असून स्मृतीचा अपगम असा त्याचा अर्थ होतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात या व्याधीस स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत आणि वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे तिचे चार प्रकार सांगितले आहेत. पंचगव्य घृतासारखे कल्प उपचारांत येतात. शास्त्रीय ग्रंथांत व्याधी म्हणून ओळखला गेलेला हा आजार लोकव्यवहारात मात्र फेफरे, मिरगी, आकडी अशा नावांनी वावरला. अलीकडच्या काळात त्यांत ‘फिट’ या इंग्रजी शब्दाची भर पडली. या नावांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. लोकभाषेत फेफरे ‘येते’, आकडी ‘येते’, फिट ‘येते’. म्हणजे बाहेरून येऊन निघून जाणारी घटना म्हणून ती ओळखली जाते. झटका नसताना शरीरात टिकून राहणाऱ्या प्रवृत्तीस या बोलीत नाव नाही.

उपचारांची कल्पनाही याच धर्तीवर बनली. झटका आला असता चप्पल हुंगविणे, नाकाशी कांदा धरणे, हातात लोखंडी किल्ली देणे हे प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणून चपलेला किंवा कांद्याला गुण येतो असे दिसते. वारली, कोकणा, कातकरी वस्त्यांत भगताकडे जाण्याची रूढी आहे. तिच्याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे होय. भगत जवळ असतो, ओळखीचा असतो, आणि त्याला द्यावयाचे कोंबडे वा नारळ हा प्रसंगापुरता खर्च असतो. दररोज व वर्षानुवर्षे करावा लागणारा खर्च ही कल्पना या व्यवस्थेत मुळातच नाही. ‘औषध लागू पडले’ वा ‘गुण आला’ म्हणजे औषध थांबवावयाचे, हे तर्कशास्त्र ताप-खोकल्याला योग्य आहे. अपस्मारात ते घातक ठरते; कारण तेथे गुण गोळी चालू आहे तोवरच टिकतो, आणि गोळी एकाएकी बंद केल्यास झटके न थांबता एकामागून एक येऊन प्राणावर बेतू शकते.

वसाहतकालीन शासनाच्या दृष्टीने अपस्मार हा प्रामुख्याने वेड्यांच्या इस्पितळाचा विषय होता. १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय या परिसराला सर्वांत जवळचे होते. त्या काळी राज्यसंस्थेने केलेला खर्च कोठडीवर होता. घरी राहणाऱ्या रुग्णासाठी नियमित औषध पुरविण्याची व्यवस्था तिच्या कल्पनेत नव्हती.

३. औषधांचे आगमन

आधुनिक औषधांचा आरंभ १८५७ मध्ये झाला असे मानतात. त्या वर्षी लंडनमधील वैद्य सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटोनचा झटक्यांवरील परिणाम प्रसिद्ध केला. १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइनची उपयुक्तता दाखविली. कार्बामाझेपिनचा शोध १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. व्हॅल्प्रोएटचा झटकेविरोधी गुण फ्रान्समध्ये १९६२ च्या सुमारास योगायोगाने ध्यानात आला. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम यांसारखी औषधे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील होत.

या कालक्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे अपस्मारावरील मूळ औषधे आता जुनी झाली आहेत. त्यांचे एकस्व केव्हाच संपले असून त्यांची निर्मिती कोणाही सक्षम कारखान्यास करता येते. दुसरी म्हणजे जुने औषध सर्वांना सारखेच मानवते असे नाही. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात व चेहऱ्यावर परिणाम होतो. व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना नवी औषधे सुचविली जातात, आणि ती जुन्या औषधांपेक्षा महाग पडतात. ‘स्वस्त औषध उपलब्ध आहे’ हे विधान कोणत्या रुग्णाविषयी केले आहे, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

औषधांच्या नावांचाही या इतिहासात वाटा आहे. मराठी घरांत फिनोबार्बिटोन ‘गार्डिनाल’ म्हणून, फेनिटॉइन ‘एप्टॉइन’ म्हणून आणि कार्बामाझेपिन ‘टेग्रिटॉल’ म्हणून ओळखले गेले. व्यापारी नाव हेच औषधाचे नाव झाल्यामुळे दुकानदाराने त्याच द्रव्याची दुसऱ्या नावाची, कमी किमतीची गोळी दिली, तर ‘औषध बदलले’ अशी शंका कुटुंबास येते. ही शंका सर्वस्वी निराधार नसते. फेनिटॉइनसारख्या द्रव्यात उपयुक्त मात्रा व अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि एका कंपनीच्या गोळीवरून दुसरीवर जाताना वैद्यकीय देखरेख लागते. ती देखरेख जेथे नाही तेथे स्वस्त पर्यायाचा लाभ घेण्याचे धैर्य कुटुंबाने करावे ही अपेक्षा अवाजवी होय.

४. किमतीचे राजकारण

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतात १९११ चा एकस्व कायदा चालू होता. त्यानुसार औषधद्रव्यावरच एकस्व मिळत असे. अमेरिकन सेनेटच्या केफॉव्हर समितीने औषधव्यवसायाची जी चौकशी केली, तीत सर्वाधिक औषधकिमती असलेल्या देशांत भारताची गणना झाली. १९४८ मध्ये न्या. बक्षी टेकचंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीची नियुक्ती आणि १९५९ चा न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल या टप्प्यांतून १९७० चा एकस्व कायदा तयार झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याने औषधाच्या बाबतीत केवळ निर्मितीप्रक्रियेवर, आणि तेही अल्प मुदतीचे, एकस्व ठेवले. परदेशी द्रव्य निराळ्या प्रक्रियेने बनविण्याचा मार्ग भारतीय कारखानदारांस त्यामुळे मोकळा झाला.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष किंमतनियंत्रणाचा होता. चीनशी झालेल्या युद्धाच्या काळात, १९६२ व १९६३ मध्ये, औषधांच्या किमती जाहीर करण्याचे व गोठविण्याचे आदेश निघाले. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीचा अहवाल आला. त्यानंतरच्या १९७९ च्या आदेशाखाली ३४७ मूल औषधद्रव्ये नियंत्रणात होती. १९८७ मध्ये ती १४२ व १९९५ मध्ये ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने पद्धतच बदलली. उत्पादनखर्चाऐवजी बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या गोळ्यांच्या किमतींची सरासरी काढून कमाल किंमत ठरू लागली, आणि राष्ट्रीय आवश्यक औषधसूची हा नियंत्रणाचा आधार झाला. त्या सूचीत फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट आहेत. २०१५ च्या सूचीत लेव्हेटिरासिटामही आले.

१ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार करारानुसार द्रव्यावरील एकस्व पुन्हा सुरू झाले. त्याचा परिणाम ब्रिव्हरासिटाम या नव्या औषधाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे भारतातील एकस्व संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी आपापल्या गोळ्या बाजारात आणल्या व किंमत घसरली. एकस्वाचा भार रुग्णावर किती पडतो याचे यापेक्षा स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण.

तथापि नियंत्रणालाही मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषधकिंमत प्राधिकरणाने कार्बामाझेपिन, आयबुप्रोफेन व रॅनिटिडिन यांच्या काही प्रकारांच्या कमाल किमतीत पन्नास टक्के वाढ मंजूर केली. मूलद्रव्य महागल्यामुळे ही औषधे बनविणे परवडत नाही, असे उत्पादकांचे म्हणणे होते. औषध बाजारातून नाहीसे होण्यापेक्षा महाग झालेले बरे, असा त्यामागील विचार होता. आवश्यक सूचीतील औषधांची घाऊक किंमत-निर्देशांकाशी निगडित वार्षिक वाढ २०२२ मध्ये १०.७७ टक्के व २०२३ मध्ये १२.१२ टक्के इतकी झाली. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर सामान्यतः १२ वरून ५ टक्क्यांवर आला. किंमत ही अशा रीतीने वर-खाली होत राहते. तरी एकंदरीत पाहता जुन्या अपस्मार-औषधांची किंमत जगातील अनेक देशांच्या तुलनेत भारतात कमी राहिली, हे मान्य केले पाहिजे.

फिनोबार्बिटोनची कथा निराळी आहे. सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त असे हे औषध १९८५ च्या अंमली व मनोव्यापारी द्रव्य कायद्याच्या कक्षेत येते. साठा, परवाने व नोंदी यांची कटकट मोठी आणि गोळीमागे नफा अत्यल्प. त्यामुळे लहान गावातील दुकानदारास ते ठेवण्यात स्वारस्य उरत नाही. किंमत उतरली म्हणजे औषध पोहोचतेच, या समजुतीस हे उदाहरण छेद देते.

५. तारापूरचे कारखाने आणि बोईसरचे कामगार

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढील काळात बोईसर रेल्वे स्थानकाच्या आश्रयाने तारापूर औद्योगिक क्षेत्र वाढले. रसायने, कापड व पोलाद यांच्या जोडीला मूल औषधद्रव्ये बनविणारे कारखाने येथे उभे राहिले. लुपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या कंपन्यांची नावे या क्षेत्राशी निगडित आहेत. येथे अपस्माराचेच औषध बनते असा याचा अर्थ नव्हे. परंतु १९७० च्या कायद्याने जो स्वदेशी औषधव्यवसाय शक्य केला, त्याचे प्रत्यक्ष रूप या परिसरात पाहावयास मिळते. मूलद्रव्यांसाठी चीनवरील अवलंबित्व पुढे इतके वाढले की २०२० मध्ये केंद्र शासनास देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आखावी लागली, आणि तिच्या यादीत कार्बामाझेपिनचाही अंतर्भाव झाला.

या औद्योगिक वस्तीत औषधाच्या खर्चाच्या दृष्टीने तीन थर दिसतात. अणुशक्ती विभागाच्या कर्मचाऱ्यास अंशदायी आरोग्यसेवा योजनेतून औषध मिळते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगारास विम्याच्या दवाखान्याचा आधार असतो. तिची वेतनमर्यादा २०१७ मध्ये दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. तिसरा थर नाव नोंदविले न गेलेल्या कंत्राटी, रोजंदारीच्या व परप्रांतीय मजुरांचा. त्यांना गोळी दुकानातून रोख घ्यावी लागते. एकाच यंत्राशेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या लेखी त्याच गोळीची किंमत एक असून खर्च मात्र निराळा असतो.

तिसऱ्या थरातील माणसाला आणखी एक भय असते. यंत्रावर, भट्टीशी अथवा उंचावर काम करणाऱ्यास झटका येणे म्हणजे अपघात. आणि झटका येतो हे मुकादमास कळणे म्हणजे बहुधा काम जाणे. वाहनचालक परवान्याच्या अर्जातही अपस्माराविषयी स्वतंत्र प्रश्न असतो. सातपाटी वा डहाणूच्या बोटीवरील खलाशाला समुद्रात झटका आला, तर त्याचे परिणाम सांगावयास नकोत. सुरक्षेचे नियम आवश्यकच आहेत. पण नियमित औषधाने ज्याचे झटके थांबू शकतात, असा माणूस औषधाच्या अभावी झटके सोसतो, झटक्यांमुळे रोजगार गमावतो, आणि रोजगार गेल्यामुळे औषधाला मुकतो. हे वर्तुळ कोठून भेदावे, हा खरा प्रश्न आहे.

६. खर्चाची कलमे

गोळीच्या किमतीचा गुणाकार प्रथम पाहू. दिवसाला दोन गोळ्या घेणाऱ्या रुग्णास वर्षाला ७३० गोळ्या लागतात. दोन औषधे एकत्र चालू असल्यास १,४६०. झटके थांबल्यानंतरही किमान दोन वर्षे औषध चालू ठेवण्याचा वैद्यकीय प्रघात आहे, आणि अनेकांना ते आयुष्यभर लागते. एका गोळीच्या किमतीत एका रुपयाचा फरक पडला, तर तो एका वर्षात शेकड्यांच्या व दहा वर्षांत हजारांच्या घरात जातो.

यानंतर प्रवासाचे कलम येते. मज्जाविकारतज्ज्ञ महानगरांत एकवटलेले असल्यामुळे परिसरातील कठीण रुग्णांस परळचे के. ई. एम., भायखळ्याचे जे. जे. किंवा मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय गाठावे लागते. २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा पालघर-बोईसरच्या रुग्णांचा हा प्रवास सुकर झाला. जव्हार-मोखाड्याला मात्र रेल्वे नाही. तेथील रुग्णास आधी एस. टी. ने घाट उतरावा लागतो, मग गाडी पकडावी लागते. झटक्याचा रुग्ण एकटा जाऊ शकत नाही. म्हणून तिकिटे दोन आणि बुडालेल्या मजुऱ्याही दोन. पुरेशा दिवसांच्या गोळ्या एकदम न मिळाल्यास ही फेरी दरमहा होते. सरकारी रुग्णालयात गोळी फुकट मिळाली तरी हे कलम शिल्लक राहते.

तिसरे कलम स्थलांतराचे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतील वारली व कातकरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रुग्णाचे नाव गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत असते. माणूस मात्र वर्षातील कित्येक महिने दुसऱ्या तालुक्यात असतो. ज्या आजारात एक दिवसाचाही खंड धोक्याचा, त्या आजाराची औषधव्यवस्था एका जागी खिळलेली, आणि रुग्ण फिरता, अशी ही स्थिती आहे.

या कलमांची बेरीज किती होते याचा अंदाज २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. संजीव थॉमस व सहकाऱ्यांच्या राष्ट्रीय पाहणीवरून येतो. प्रत्यक्ष उपचार व बुडालेले उत्पन्न मिळून दर रुग्णामागे वर्षाला १३,७५५ रुपये खर्च होतो आणि तो तत्कालीन दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८८.२ टक्के भरतो, असे तीत आढळले. उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत शहरी मध्यमवर्गात २२ टक्क्यांपासून खेड्यांत ९५ टक्क्यांपर्यंत आढळते. ज्या देशात गोळी तुलनेने स्वस्त आहे, त्या देशातील खेड्यांचे हे आकडे आहेत.

७. कुटुंबांची तोंडमिळवणी

खर्च पेलवेनासा झाला म्हणजे कुटुंबे ज्या युक्त्या योजतात त्या बहुतेक ठिकाणी सारख्या असतात. पहिली युक्ती मात्रा कमी करण्याची : दोनऐवजी एक गोळी, अथवा एक दिवसाआड गोळी. दुसरी, पगार किंवा मजुरी हाती येईपर्यंत औषध ‘थांबविण्याची’. तिसरी, उसनवारीची : दुकानदाराकडे उधारी, मुकादमाकडून उचल, सोन्याचा मणी गहाण. चौथी, घरातल्या घरात काटकसर करण्याची. यात बहुधा आईचे जेवण व भावंडांचे शिक्षण आखडते. पाचवी, औषध सोडून पुन्हा भगताकडे किंवा जाहिरातीतील ‘खात्रीच्या’ उपायाकडे वळण्याची.

हिशेबाच्या दृष्टीने यांपैकी पहिल्या दोन युक्त्या सर्वांत सोप्या आणि वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट होत. अर्धवट मात्रेने झटके थांबत नाहीत. मग ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि अधिक महाग औषधाचा किंवा औषध सोडण्याचा मार्ग धरला जातो. एखादा मोठा झटका, भाजणे, विहिरीत वा चुलीत पडणे किंवा रुग्णालयात भरती होणे यांपैकी एक प्रसंग वाचविलेल्या सर्व पैशांपेक्षा महाग पडतो. जी काटकसर दिसते ती प्रत्यक्षात लांबणीवर टाकलेला खर्च असते.

स्त्रियांच्या बाबतीत या हिशेबाला लपवणुकीचे कलम जोडले जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक मानले गेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख वगळण्यात आला. कायदा बदलला तरी व्यवहार त्या वेगाने बदलला नाही. लग्न ठरण्यापूर्वी मुलीचा आजार झाकला जातो आणि लग्नानंतर गोळी सासरच्यांच्या नकळत घ्यावी लागते. चोरून घ्यावयाची गोळी नियमित घेता येत नाही. तिला गर्भाच्या दृष्टीने सुरक्षित असे नवे औषध हवे असते, पण ते महाग असते आणि त्यासाठी पैसे मागण्याचे कारण सांगता येत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला अधिक किमतीच्या औषधाची गरज वैद्यकीय कारणाने जास्त, त्याच रुग्णाच्या हाती पैसा सर्वांत कमी.

८. सार्वजनिक प्रयत्न

या प्रश्नाकडे सार्वजनिक संस्थांनी सर्वस्वी दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. १९७० मध्ये भारतीय अपस्मार संघटनेची स्थापना झाली, मुंबईचे डॉ. एडी भरुचा हे तिच्या आद्य प्रवर्तकांपैकी होते. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाजाची पाहणी करून दर हजारी ४.७ असे या विकाराचे प्रमाण १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. कर्नाटकातील यळंदूर भागात डॉ. के. एस. मणि यांनी फिनोबार्बिटोन व फेनिटॉइन या दोनच स्वस्त औषधांवर आधारलेला ग्रामीण प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. औषध रुग्णाच्या जवळ व नियमितपणे पोहोचविले, तर जुन्या औषधांनीही पुष्कळ रुग्णांचे झटके आटोक्यात येतात, हे त्यावरून सिद्ध झाले. औषध तेच होते. फरक ते पोहोचविण्याच्या रीतीत होता.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. परंतु तिचा रोख रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर आहे. रोज घरी घ्यावयाच्या गोळीचा खर्च तिच्या चौकटीत सहसा बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क झाल्या. औषधखरेदीसाठी २०१७ मध्ये हाफकिन संस्थेकडे आणि २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे अधिकार सोपविण्यात आले. जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासूनची आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या भागाकडे वेधले, तेव्हापासून येथील आरोग्ययंत्रणेची चर्चा प्रामुख्याने कुपोषण व मातृ-बालआरोग्य यांभोवती फिरली, आणि ते साहजिकच होते. दीर्घकाळ चालणाऱ्या मज्जाविकारांना त्या चर्चेत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. मधुमेह, रक्तदाब यांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला. अपस्मार मात्र मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमाच्या आश्रयाने राहिला. जागतिक आरोग्य परिषदेने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या २०२२ ते २०३१ च्या कृतिआराखड्यात या विकाराचा नावानिशी समावेश झाला, ही अलीकडची महत्त्वाची घटना होय.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की अपस्मार-औषधांच्या बाबतीत भारतीय राज्यसंस्थेने किमतीचा प्रश्न एकस्व कायद्याने व नियंत्रण-आदेशांनी बऱ्याच अंशी हाताळला. त्या यशाचे मोल कमी लेखू नये. १९७० चा कायदा झाला नसता तर पालघरमधील मजुराला कार्बामाझेपिनची गोळी दिसलीही नसती. परंतु खर्चाचा प्रश्न राज्यसंस्थेने कुटुंबावर सोपविला, आणि कुटुंबाने तो मात्रा कमी करून सोडविला. किमतीची नोंद राजपत्रात होते. खर्चाची नोंद कोठेच होत नाही, आणि म्हणून तो धोरणाचा विषय बनत नाही.

यातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. रुग्णाला एका फेरीत दोन-तीन महिन्यांचे औषध देणे, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबास दुसऱ्या तालुक्यातील केंद्रावर त्याच नोंदीवर गोळी मिळणे, फिनोबार्बिटोनच्या साठ्यावरील अडचणी प्राथमिक आरोग्य केंद्रांपुरत्या सैल करणे, आणि बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांसाठी नवे औषध निःशुल्क यादीत ठेवणे, यांपैकी कोणत्याही उपायास नवे संशोधन लागत नाही. भाषेच्या बाजूनेही एक काम आहे. ‘गुण आला तरी गोळी चालू’ ही कल्पना वारली, कोकणा व कातकरी बोलींत, तेथील लोकांच्या शब्दांत मांडली गेली पाहिजे. छापील प्रमाण मराठीतील सूचनापत्रक त्या वस्तीत औषधाइतकेच अनोळखी असते. तारापूरच्या कारखान्यांतून औषधद्रव्य बाहेर पडते व मोखाड्याच्या पाड्यावर गोळी संपलेली असते. या दोन टोकांमधील प्रत्येक टप्प्यावर कोणते कलम कोणाच्या माथी पडते, याची मोजदाद करणे हे या परिसराच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील कार्य आहे.